जाळ्यात ठेवलेली वाट

पोंकाच्या, म्हणजे आपल्या हुरड्याच्या, झोपड्या लागल्या की सुरतेचा हिवाळा सुरू होतो. तापीच्या काठाला, पुलाखालच्या मोकळ्या जागेत ज्वारीची कोवळी कणसं गरम राखेत भाजतात, झोडपतात, आणि हिरवेगार दाणे पाटीत गोळा होतात. त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव. काल शाळेतून परतताना रिक्षा सिग्नलला थांबली आणि तो वास आला. ओला, दुधाळ, किंचित जळका. मी तिथेच उतरले. हातात पोंकाचा द्रोण घेऊन कठड्याशी उभी राहिले, पण नदी काही मला दिसेना. डोळ्यांपुढे चिखल उभा राहिला. करडा, चकचकीत, पार क्षितिजापर्यंत पसरलेला चिखल, आणि त्यात पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभे असलेले आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. अमळनेरजवळच्या एका खेड्यातून तरुणपणी सुरतेला आले ते इथलेच झाले. चाळीस वर्षं लूमच्या खात्यात जॉबर होते. बिघडलेला माग नीट करायचा, तुटलेले धागे शोधून जोडायचे, हे त्यांचं काम. नवागाममधल्या आमच्या दोन खोल्यांत ते घरी अहिराणी बोलत, गल्लीत हिंदी, मालकाशी गुजराती. पण खरं म्हणजे ते कमीच बोलत. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान केव्हाच गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे पाहून त्यांना सगळं कळायचं. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले, आई गेली, आम्ही डिंडोलीला राहायला आलो, आणि मग आप्पांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या हवेत नेत जा.

मोकळी हवा म्हणजे समुद्र. म्हणून त्या हिवाळ्यात, दर रविवारी पहाटे, मी आप्पांना स्कूटरवर मागे बसवून डुमसच्या बाजूला न्यायला लागले. धुकं असायचं. कापडाचे ट्रक, बंद शटरं, चहाच्या टपऱ्या, सगळं त्या धुक्यात विरघळलेलं असायचं. मागे बसलेले आप्पा माझ्या खांद्यावर फक्त एक बोट टेकवून ठेवत. ते बोट तिथे आहे एवढ्यावरून मला कळायचं की ते जागे आहेत.

गर्दीच्या किनाऱ्यावर आम्ही जात नसू. त्याच्या बरंच पुढे, एका खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांचं लहानसं गाव आहे, तिथे जायचो. आपल्या कोकणातल्यासारखा समुद्र इथे नाही. ओहोटीला तो इतका मागे जातो की समुद्र होता की नव्हता असा प्रश्न पडावा. उरतो तो चिखल, त्यावर आकाशाचा पातळ लेप, आणि दूरवर कारखान्यांच्या चिमण्या, ज्यांचे पाय धुक्यात असल्यामुळे त्या हवेत टांगल्यासारख्या दिसत. भरतीची वेळ झाली की पाणी आवाज न करता येतं. निदान आप्पांसाठी तरी ते आवाज न करताच यायचं. एकदा मी त्यांना विचारलं होतं, लाटा ऐकू येतात का म्हणून. त्यांनी मान हलवली आणि हाताने दाखवलं: दिसतात, तेवढ्या पुरेत.

तिथे आमची ओळख रमणभाईंशी झाली. पन्नाशीचे, काळेसावळे, बोटीचे टंडेल, म्हणजे बोट चालवणारे मुख्य. त्यांची बायको जशीबेन खाडीच्या काठावर ताडपत्रीखाली बसून फाटलेली जाळी दुरुस्त करायची. पहिल्याच रविवारी आप्पा तिच्या हाताकडे पाहत उभे राहिले. तिसऱ्या रविवारी ते तिच्या शेजारी बसून जाळ्याच्या गाठी मारत होते. तिच्या गाठीपेक्षा आप्पांची गाठ लहान यायची. त्या दिवसापासून आम्हाला चहा मिळायला लागला.

मार्गशीर्षातला रविवार होता. बोट नुकतीच खाडीत लागली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा रमणभाई आणि त्यांचा भाऊ बोटीच्या कडेशी वाकून काहीतरी पाहत होते. जवळ गेलो तर कासव. समुद्री कासव मी तोवर पुस्तकातच पाहिलं होतं. परातीएवढी पाठ, शेवाळी-करडी, आणि वल्ह्यांसारखे पुढचे पाय नायलॉनच्या दोरांत गुरफटलेले. डोकं बाजूला लोंबत होतं.

ट्रॉलच्या जाळ्यात आलं होतं ते. हे जाळं बोटीमागे तासन्‌तास ओढत नेतात. पुढून रुंद तोंड, मागे निमुळती पिशवी. एकदा आत गेलेलं बाहेर येत नाही. मासा पाण्यातच श्वास घेतो, पण कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. पिशवीत अडकलं की ते वर येऊ शकत नाही. एवढं साधं आहे ते. समुद्रात राहणारा जीव समुद्रातच बुडून मरतो.

रमणभाई म्हणाले, मेलंय, पाण्यात सोडून देतो. त्यांची घाई मला कळत होती. कासव पकडणं गुन्हा आहे, आणि जाळ्यात आपोआप आलं असं सांगितलं तर कोण ऐकणार, अशी त्यांना भीती होती. आप्पा तोवर चिखलातून बोटीपर्यंत गेले होते. त्यांनी दोर कापू दिले नाहीत. एकेक फास सोडवत राहिले, जसे मागावर सोडवायचे, ओढाताण न करता. मग कासवाच्या मानेशी त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“त्यान्हामा जीव शे,” ते मला म्हणाले. त्याच्यात जीव आहे.

मी फोन काढला. वन खात्याचा मदतीचा नंबर आमच्या शाळेत फळ्याशेजारी लावलेला होता, तो माझ्याकडे होता. रमणभाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं.

“बेन, फोन ना करता,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. महिनाभर ज्यांचा चहा प्यायले त्या माणसाने एवढंच मागितलं होतं, करू नका. जशीबेनने मान खाली घातली. मी आप्पांकडे पाहिलं. ते कासवाकडे पाहत होते, त्यांना आमचं बोलणं दिसलंच नव्हतं. त्यामुळे जे ठरवायचं ते मलाच ठरवायचं होतं. मी पाच-सहा पावलं बाजूला गेले आणि फोन केला. त्या पाच-सहा पावलांत माझे पाय चिखलात किती खोल रुतले होते ते मला अजून आठवतं.

फोनवर हेतलबेन नावाची वनरक्षक होती. तिने पहिल्यांदा विचारलं ते बोटीचं नाव नव्हतंच. पाण्यात टाकलं का, हे विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, टाकू नका, मी येतेय, तोवर त्याची मागची बाजू फळीवर उचलून ठेवा, डोकं उतारावर, म्हणजे आत गेलेलं पाणी उतरेल. सावलीत ठेवा. ओलं कापड टाका, नाक मोकळं ठेवा. आणि वाट पाहा.

जशीबेन उठली. घरातून तिने स्वतःची जुनी साडी आणली, भिजवली, आणि कासवाच्या पाठीवर घातली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. त्या दिवसाएवढा लांब दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही, आणि तरी तो कसा गेला ते सांगता येत नाही. धुकं उठलं. ऊन आलं. ताडपत्रीची सावली सरकत गेली तसं आम्ही फळी सरकवत राहिलो. बगळे चिखलावर उभे होते, जणू तेही थांबलेत. दुपारी हेतलबेन आली. तिशीच्या आतली, खाकी गणवेश, हेल्मेटच्या आत विस्कटलेले केस. तिने वही काढली नाही. कासवाशेजारी मांडी घालून बसली, डोळ्याच्या कडेला बोट लावून पाहिलं, आणि म्हणाली की कधीकधी ही कासवं श्वास कोंडून अशी निपचित पडतात. मेल्यासारखी दिसतात, मेलेली नसतात. अशा वेळी परत पाण्यात टाकलं तर मात्र खरंच बुडतात.

रमणभाई लांब बोटीच्या सावलीत बसले होते. ते उठून जवळ आले.

“एटले पेला बधा मरेला नोता?” त्यांनी विचारलं. म्हणजे ते सगळे मेलेले नव्हते?

 ‘पेला बधा’ म्हणजे किती, हे त्यांना कुणी विचारलं नाही. हेतलबेनने नजर चिखलाकडे वळवली. रमणभाई तसेच उभे राहिले, हात लोंबकळत, आणि त्यांचा चेहरा मी पुन्हा कधी तसा पाहिला नाही. आयुष्यभर त्यांनी त्या जिवांना मेलं म्हणून समुद्राला परत दिलं होतं. हात जोडून दिलं होतं, हे मला जशीबेनने पुढे सांगितलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा कासवाने डोळा उघडला. काही मोठं घडलं नाही. मोठी, जड, ओली पापणी जरा वर गेली आणि खाली आली. नंतर नाकातून एक आवाज आला, दाराखालून वारा यावा तसा. भरती खाडीत शिरली होती. रमणभाईंनी बोट काढली. आप्पा, ज्यांना घराचा जिना चढताना मध्ये बसावं लागायचं, ते बोटीत चढले. मी आणि जशीबेन काठावर राहिलो. बोट खाडीच्या तोंडापलीकडे सोनेरी पाण्यात गेली आणि लहान होत गेली. परत आली तेव्हा आप्पांच्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत भिजलेली होती.

“गयं,” एवढंच म्हणाले ते. गेलं.

पुढच्या रविवारी रमणभाई भेटतील की नाही याची मला खात्री नव्हती. पण ते स्कूटरच्या वाटेवरच उभे होते. त्यांनी हेतलबेनला स्वतः बोलावलं होतं. तिने ऑफिसात गंजत पडलेली एक लोखंडी जाळी आणली होती. जाळी म्हणजे लांबट गोल कडं, त्यात उभ्या सळ्या, दोन सळ्यांमधून हाताचा पंजा जेमतेम जाईल एवढी फट. हे कडं जाळ्याच्या पिशवीआधी तिरपं बांधायचं. मासे सळ्यांमधून मागे पिशवीत जातात. कासव सळ्यांना आपटतं, तिरप्या बाजूने वर सरकतं, आणि तिथे जाळ्याला ठेवलेल्या खिडकीतून बाहेर पडतं. कल्पना चांगली होती. पण आजूबाजूच्या बोटींनी ते कडं पूर्वीच वापरून फेकून दिलं होतं, कारण खिडकीतून कासवाआधी मासेच निघून जायचे.

पहिल्या वेळी आमचंही तेच झालं. आप्पांनी खिडकीवर जाळ्याचाच एक पडदा शिवला. बोट गेली, आली, आणि पिशवी निम्मी रिकामी होती. काठावरचे लोक हसले. ते हसू वाईट नव्हतं, ओळखीचं होतं, पण आप्पांना लोकांचे ओठ वाचता येत. जशीबेन मात्र हसली नाही. तिने टोपली आमच्यासमोर ठेवली आणि मला म्हणाली की तुम्ही रविवारी येता, तुम्हाला कासव दिसतं. आम्हाला सोमवार असतो, मंगळवार असतो.  तिचं म्हणणं खरं होतं. कुठलाही जीव वाचवायचा तर त्याची झळ कुणाच्या चुलीला लागते, हे वाचवणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं.

त्या दिवशी परतताना आप्पांचं बोट माझ्या खांद्यावर नव्हतं. मी दोनदा मागे वळून पाहिलं. घरी आल्यावर ते न जेवता गॅलरीत बसले आणि नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा बोटांवर गुंडाळत राहिले.

पौष असा गेला. शाळा सुटल्यावर मी घरी यायची तेव्हा आमच्या बैठकीत जाळं पसरलेलं असायचं. समुद्राचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला होता. शेजारच्या पाटीलकाकू नाकाला पदर लावून यायच्या आणि तासभर बसून जायच्या. आप्पांनी बादलीत पाणी भरून, त्यात लहान जाळं ओढून, पडदा कसा हलतो ते पाहिलं. एकच पडदा पाण्याच्या ओढीने उचलला जात होता. मग त्यांनी एकावर एक चढणारे दोन पडदे केले, जशी नेसलेल्या साडीची एक निरी दुसरीवर बसते. खालून जड काही आलं तर उघडतील, मागोमाग मिटतील. संक्रांत आली. आकाशभर पतंग होते, आख्खी सुरत गच्चीवर होती, आणि आप्पा आत बसून शेवटची ओळ शिवत होते. मी तिळगूळ त्यांच्या तोंडात घातला, हात मोकळे नव्हते म्हणून.

ते जाळं घेऊन आम्ही गेलो तेव्हा रमणभाई तयार होते. जशीबेनने मात्र ते आधी स्वतः तपासलं, गाठ न गाठ. मग म्हणाली, एक वार बस. फक्त एकदा. आप्पांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि मान हलवली.

पिशवी भरून आली. पूर्वीएवढी भरली होती की नाही, यावर रमणभाई आणि त्यांच्या भावाचं जरा वाजलं. पण जशीबेनने टोपल्या लावल्या आणि ठरवलं की चालेल. तिने ठरवलं म्हणून ते चाललं. माघात, फाल्गुनात ते जाळं रोज समुद्रात गेलं.

हवा तापायला लागली, धुकं संपलं, आणि आप्पांचं समुद्रावर जाणंही संपलं. आता त्यांना खोलीतून गॅलरीत जायला माझा हात लागायचा. एका दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर रमणभाई आणि जशीबेन उभे होते, शहरात येताना घालायच्या कपड्यांत, हातात पिशवी. दोन बस बदलून आले होते. ते आमच्या घरी कधी आले नव्हते. पाणी झालं, चहा झाला, आणि मग जशीबेनने पिशवीतून जाळ्याचा तुकडा काढून आप्पांच्या मांडीवर पसरला. खिडकीवरचा पडदा होता तो. एका कोपऱ्यात शिवण उसवली होती. दोरे आतून बाहेर ताणले गेले होते, आणि त्यांवर हिरवट-काळं शेवाळ घासलेलं होतं, वाळून चिकटलेलं.

रमणभाईंनी आप्पांच्या समोर, अगदी समोर चेहरा आणला, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत. आणि हळू म्हणाले:

“काका, अहींथी कोई गयुं छे.” इथून कुणीतरी गेलंय.

आप्पांनी त्या शेवाळावर अंगठा फिरवला. मग तो अंगठा नाकाजवळ नेला. बराच वेळ त्यांनी श्वास आत घेतला. इतका लांब श्वास त्यांनी कितीतरी दिवसांत घेतला नव्हता.

ते काही फक्त दाखवायला आले नव्हते. दुसऱ्या भावाच्या बोटीसाठी तसाच पडदा हवा होता, आणि शेजारच्या आणखी दोघांनी विचारलं होतं. आप्पांच्या बोटांत आता तेवढी ताकद नव्हती. त्यांनी जशीबेनला जवळ बसायला सांगितलं. तिची बोटं धरून दुसऱ्या पडद्याची पहिली ओळ घालून दाखवली, चुकली तिथे उसवली, पुन्हा घातली. संध्याकाळपर्यंत चाललं ते. मी ऊन कमी होताना दिवा लावला, एवढंच माझं काम.

आप्पा त्या पावसाळ्यात गेले. घरातच, दुपारी, झोपेत. रमणभाई सुतकात आले होते, गॅलरीत उभं राहून खालच्या रस्त्याकडे पाहत राहिले.

काल पुलाजवळ हातातला पोंक संपला तेव्हा द्रोण टाकून मी चालायला लागले. आज सकाळी मात्र, इतक्या वर्षांनी, राहवलं नाही. रविवार होता. एकटीच स्कूटर घेऊन गेले. धुकं तसंच होतं, कारखान्यांच्या चिमण्या तशाच हवेत टांगलेल्या. खाडीच्या काठावर ताडपत्रीखाली जशीबेन बसली होती, केस बरेच पांढरे झालेत. तिच्यासमोर दुसऱ्या गावची एक तरुण बाई होती, पडदा शिवायला शिकायला आलेली. नवऱ्याने पाठवलं होतं, पण तिच्या मनात शंका होती. ती विचारत होती की याने खरंच किती कासवं वाचतात, कुणी पाहिलीत का.

जशीबेनने हातातली सुई थांबवली. थोडा विचार केला.

“जी जातात ती दिसत नाहीत,” ती तिच्या गुजरातीत म्हणाली. “मी फक्त जाळं काढताना आत काय नाही ते बघते.”

मग तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी गेल्याच रविवारी येऊन गेले होते, आणि जाळ्याचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं. मी चपला काढल्या, चिखलात बसले, आणि टोक धरलं. समोर पाणी हळूहळू भरत होतं.